लग्न खरे, कागद कोठे?

तुळशीची लग्ने लागली की आपल्याकडे माणसांच्या लग्नांचे मुहूर्त सुरू होतात, आणि मग ज्येष्ठापर्यंत मंगल कार्यालयांतील सनई काही थांबत नाही. पुण्या-मुंबईच्या आणि आता नाशिक-नागपूरच्याही मध्यम वर्गात यांपैकी पुष्कळ लग्ने अशी असतात, की वधू किंवा वर यांपैकी एकाचे बिऱ्हाड अमेरिकेत थाटलेले असते. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेला मुलगा बोहल्यावर चढतो, सत्यनारायण आटोपतो आणि विमानात बसतो. मागे राहिलेल्या सुनेच्या वाट्यास कागदपत्रांची पूर्तता येते. काही महिन्यांनी मुलाखतीचे पत्र हाती पडते आणि दोन घरांतील कपाटे उपसली जातात. लग्न करून पाहावे अशी म्हण ज्यांनी केली, त्यांना लग्न लावण्यापेक्षा ते सिद्ध करणे अवघड होईल अशा दिवसाची कल्पना कोठून असणार!

असल्या घरगुती प्रश्नास वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर जागा कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की त्या कागदांच्या जुडग्यात केवळ एका जोडप्याचे भवितव्य बांधलेले नसते. आपल्या समाजाच्या काही जुन्या सवयी तेथे परक्या अधिकाऱ्यापुढे उघड्या पडतात. त्या सवयींची चिकित्सा आपण घरातच केलेली बरी.

प्रथम या मुलाखतीचे स्वरूप समजून घेऊ. अमेरिकी नागरिकाच्या पतीस किंवा पत्नीस कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ग्रीन कार्ड, देताना त्या देशाच्या कायद्याने वार्षिक संख्येची मर्यादा घातलेली नाही. केवळ कायम रहिवासी असलेल्याच्या जोडीदारास मात्र ती आहे. जोडीदार भारतात असेल तर नागरिकाने तेथे केलेला अर्ज मंजूर झाल्यावर प्रकरण मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत येते आणि मुलाखत येथेच होते. तो अमेरिकेत रीतसर राहत असेल तर तेथील स्थलांतर खात्याच्या कार्यालयात दोघांनी हजर व्हावयाचे असते. जन्मदाखला, विवाहाचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणीचा अहवाल, आधीचे लग्न झालेले असल्यास घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची किंवा मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत, हे सारे मूळ स्वरूपात लागते. इंग्रजीत नसलेल्या कागदाचे पूर्ण भाषांतर करून ते अचूक असल्याचे भाषांतरकाराने लिहून द्यावयाचे असते. अर्जदाराचे उत्पन्न त्या देशाने ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के असल्याचे सप्रमाण दाखवावे लागते, आणि जोडीदाराच्या निर्वाहाची त्याने लिहून दिलेली हमी पुढे घटस्फोट झाला तरी आपोआप संपत नाही.

इतके कागद पाहून झाल्यावर खरा प्रश्न उरतो : हे लग्न खरे आहे काय? शपथ देऊन अधिकारी विचारतो, तुम्ही भेटलात कोठे, लग्नास कोण आले होते, घराचे भाडे कोण भरतो, गेल्या रविवारी काय केलेत. संशय आला तर पती-पत्नींना निरनिराळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात आणि उत्तरे ताडून पाहिली जातात. न्यूयॉर्कमधील एका दाव्यात १९७६ साली झालेल्या तडजोडीने या उलटतपासणीस तेथे काही नियम घालून दिले. म्हणून अशा मुलाखतीस त्या दाव्याचेच नाव पडले आहे.

आमच्या सुसंस्कृत वाचकास हे ऐकून संताप यावा, हे स्वाभाविक आहे. अग्नीच्या साक्षीने झालेल्या लग्नाची अशी चौकशी करणारे हे कोण? पण रागापलीकडे जाऊन पाहिले तर या संशयाचे मूळ सापडते. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्यास एकूण संख्येच्या ७ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, असा तेथील नियम आहे. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही, तर नागरिकाशी लग्न केलेल्यास रांगच नसते. जे दार लवकर उघडते त्याच्यावर पहारा कडक असावयाचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांच्या पत्नींसाठी केलेल्या सवलतीचा फायदा घेऊन नावापुरती लग्ने लावणाऱ्यांची शिक्षा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली कायम केली. १९८६ सालच्या कायद्याने हे निर्बंध आणखी आवळले. आज खोटे लग्न लावणाऱ्यास ५ वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो; आणि असा ठपका ज्या परदेशी व्यक्तीवर एकदा बसला, तिच्यासाठी पुढे कोणी खऱ्या नात्याने अर्ज केला तरी तो मंजूर होत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७५ साली तेथील एका वरिष्ठ न्यायालयाने असा निर्वाळा दिला, की लग्न करतेवेळी त्या दोघांचा एकत्र संसार मांडण्याचा इरादा होता काय, हीच खरी कसोटी होय. परदेशीयाचे लग्न नागरिकांच्या लग्नाहून अधिक रूढ रीतीचे किंवा अधिक यशस्वी असावे, अशी अट घालता येणार नाही. हा न्याय आपल्यासारख्यांना मोठा आधार आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ठरलेले लग्न हे तितकेच लग्न आहे. प्रश्न राहतो तो इराद्याच्या पुराव्याचा. आणि येथे आमचे पाय मातीचे ठरतात.

सुरुवात जन्मतारखेपासून करू. या व्यवसायात येण्यापूर्वी आम्ही काही वर्षे शाळेत शिकवीत होतो. जूनमध्ये मुलाचे बोट धरून येणाऱ्या बापास त्याची जन्मतारीख पुष्कळदा ठाऊक नसे. ‘पोळ्याच्या आगेमागे झाला’ इतकेच तो सांगे. मूल प्रवेशाच्या वयात बसावे म्हणून आम्ही जनरल रजिस्टरात १ जून ही तारीख लिहून मोकळे होत असू. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची इतकी गर्दी का, याचे उत्तर ज्योतिषात नाही. आमच्यासारख्या शिक्षकांच्या टाकात आहे. हेतू वाईट नव्हता. पण त्याच तारखेवर शाळा सोडल्याचा दाखला निघाला, दाखल्यावर पासपोर्ट निघाला, आणि आज गावच्या दप्तरातील जन्मनोंद काढावी तर ती भलतीच तारीख दाखविते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे. नोंदी करण्याची सवय त्याहून पुष्कळ उशिरा लागली. ज्यांची नोंदच नाही त्यांनी ती उपलब्ध नसल्याचा अधिकृत दाखला घ्यावा आणि त्यास शाळेच्या कागदाची व जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांच्या प्रतिज्ञापत्रांची जोड द्यावी. तारखांत फरक असेल तर तो झाकू नये, कारणासह सांगावा. आम्ही केलेली चूक आमच्या विद्यार्थ्यांना खोटेपणा म्हणून भोगावी लागू नये, इतकीच आमची इच्छा आहे.

नावाचा घोळ याहूनही मोठा आहे. तांदळाच्या ताटात अंगठीने नवऱ्याने सुनेचे नवे नाव लिहिले की साऱ्यांना कौतुक वाटते. तांदूळ भांड्यात गेले की ते नाव पुसलेही जाते. पण कागदावर मात्र ती एकच मुलगी तीन बायका होऊन उभी राहते. पदवीपत्रावर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव, पत्रिकेत सासरचे नाव आणि पतीचे नाव, बँकेच्या पुस्तकात माहेरचे नाव व सासरचे आडनाव! त्यात आमची आडनावे रोमन लिपीत प्रत्येक कारकून आपापल्या मर्जीने लिहितो. ज्या अधिकाऱ्यास पित्याचे किंवा पतीचे नाव मधे लिहिण्याची आमची रीतच परकी आहे, त्याने या तिघी एकच हे कशावरून मानावे? लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केलेली नाही. ज्या मुलीस बदलावयाचे असेल तिने राजपत्रात रीतसर प्रसिद्ध करून सर्व कागदांवर ते बदलावे. नसेल तर कोणाच्याही हौसेखातर अर्धवट बदलू नये. हा निर्णय तिचा तिने घ्यावा, हे वेगळे सांगावयास नको.

आता विवाहाच्या नोंदणीविषयी. १९५५ सालच्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, आणि नोंदणी नाही म्हणून तो अवैध ठरत नाही. या एका कलमाच्या उशीवर डोके ठेवून आम्ही वर्षानुवर्षे झोपलो. वास्तविक मुंबई राज्यात विवाहनोंदणीचा कायदा १९५३ सालीच झाला होता. आज महाराष्ट्रात १९९८ सालचा कायदा लागू आहे आणि त्याने नोंदणीसाठी लग्नापासून ९० दिवसांची मुदत दिलेली आहे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. उलट, २०२४ साली त्याच न्यायालयाने बजाविले, की विधी न करता केवळ प्रमाणपत्र मिळविल्याने हिंदू विवाह घडून येत नाही. व्हिसाच्या घाईत ‘आधी कागद करू, लग्न पुढल्या वर्षी थाटात करू’ असा बेत आखणाऱ्या घरांनी हा निर्णय नीट वाचावा. कारण लग्न जेथे लागले तेथील कायद्याने ते वैध आहे काय, हेच अमेरिकी अधिकारी प्रथम पाहतो. ज्यांना विधीविना लग्न करावयाचे आहे त्यांच्यासाठी १९५४ सालचा विशेष विवाह कायदा आहे. पण त्यातील ३० दिवसांची नोटीस पंधरा दिवसांच्या रजेत बसत नाही, याचा हिशेब आधीच केला पाहिजे.

येथपर्यंतचे कागद सरकारी दप्तरातील झाले. दुसरा वर्ग संसाराच्या कागदांचा. आणि आमच्या म्हणण्याचा गाभा याच ठिकाणी आहे. दोघांच्या नावे असलेले बँकेचे खाते, दोघांच्या नावे भाडेकरार, एकत्र भरलेले प्राप्तिकराचे विवरणपत्र, विम्यावर जोडीदाराचे नाव, दोघांच्या नावे आलेली बिले, असे काही अधिकारी पाहू इच्छितो. पुष्कळ सुशिक्षित घरांत नेमके हेच सापडत नाही. लग्न होऊन दोन वर्षे झालेली असतात, संसार सुखाचा असतो. पण खाते त्याच्या नावे, घर त्याच्या नावे, गाडी त्याच्या नावे, आणि विम्याच्या कागदावर वारस म्हणून अजून आईचे नाव. आईचा मान आम्हांस कमी लेखावयाचा नाही. पण ‘सगळे तिचेच तर आहे’ असे जो तोंडाने म्हणतो, त्याने ते एकदा कागदावर का म्हणू नये? मुलाखतीचे पत्र आल्यावर घाईघाईने बँकेत जाऊन पत्नीचे नाव खात्यास जोडणारे पती आहेत. त्या खात्याची तारीखच अधिकाऱ्यास सारे काही सांगते.

यास परक्या सरकारची कटकट म्हणून झटकून टाकता येईल. पण आमच्या मते येथे त्या सरकारने नकळत आमच्या घरांपुढे आरसा धरला आहे. संसार दोघांचा आणि नाव एकाचे, ही रीत अमेरिकेत गेल्यावर अडचणीची ठरते एवढेच. ती अन्यायाची येथेही होती.

हा अन्याय केव्हा भोवतो ते पाहा. परवाना मिळते वेळी लग्नास २ वर्षे झालेली नसतील, तर १९८६ सालच्या कायद्याप्रमाणे तो केवळ २ वर्षांपुरता व सशर्त मिळतो. ही मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पती-पत्नींनी मिळून अर्ज करून अट काढून घ्यावी लागते. म्हणजे ही दोन वर्षे पत्नीचे त्या देशातील पाऊल बऱ्याच अंशी पतीच्या सहीवर उभे असते. पती सज्जन असेल तर प्रश्नच नाही. तो तसा नसला, घरात छळ सुरू झाला किंवा काडीमोड झाला, तर तिने एकटीने अर्ज करण्याची सोय कायद्यात आहे. छळ होत असलेल्या पत्नीस किंवा पतीस मूळ अर्जही स्वतंत्रपणे करता यावा, अशी तरतूद १९९४ सालच्या कायद्याने केली. पण या वाटेने जाताना तिला एकच गोष्ट सिद्ध करावी लागते : मी हे लग्न प्रामाणिकपणे केले होते आणि आम्ही एकत्र राहत होतो. जिचे नाव एकाही खात्यावर, करारावर वा बिलावर नाही, जिचा पासपोर्टदेखील ‘सुरक्षित राहावा’ म्हणून सासरच्या कपाटात ठेवलेला आहे, तिने हे कशाच्या आधारे सिद्ध करावे? परमुलखात, माहेरापासून हजारो मैलांवर, त्या दिवशी तिच्या बाजूने बोलणारे कोणी असेल तर ते हे कागदच. म्हणून आम्ही मुलींच्या आई-बापांस आग्रहाने सांगतो, की दागिन्यांच्या यादीइतकेच लक्ष या यादीकडे द्या. तिचा पासपोर्ट, जन्मदाखला, पदवीपत्र आणि विवाहाचे प्रमाणपत्र तिच्याच ताब्यात राहू द्या, आणि सर्वांच्या प्रती माहेरीही असू द्या.

कागद नाहीत म्हणून ते बनविण्याचा मोह मात्र कोणासही होऊ नये. हल्ली असे सल्लागार निघाले आहेत, की जे एकाच दिवशी चार साड्या बदलावयास लावून चार सहलींची छायाचित्रे तयार करवितात, आणि ‘पहिल्या भेटीतच प्रेम जडले’ अशी गोष्ट दोघांकडून पाठ करून घेतात. अमेरिकेत स्थलांतराविषयी कायदेशीर सल्ला देण्याचा अधिकार वकिलास किंवा सरकारमान्य प्रतिनिधीसच आहे, हे प्रथम ध्यानात ठेवावे. दुसरे असे, की आपले खरे लग्न खोट्या पुराव्याने सजविणे यासारखा आत्मघात नाही. स्थळ आत्याने सुचविले, दोनदा भेटलो, महिनाभर फोनवर बोललो आणि होकार दिला, ही जर हकीकत असेल तर तीच सांगावी; तीत लाजण्यासारखे काय आहे? लग्नाची पत्रिका, कार्यालयाची पावती, विमानाची तिकिटे, एकमेकांस केलेल्या फोनच्या नोंदी, दोन्ही घरची माणसे दिसतील अशी निरनिराळ्या प्रसंगांची वीस-पंचवीस छायाचित्रे आणि त्यांच्या मागे तारीख व ठिकाण, इतका साधा ऐवज आठशे चित्रांच्या अल्बमपेक्षा अधिक बोलतो. मुलाखतीत ठाऊक नसेल तेथे ‘आठवत नाही’ म्हणावे. तिच्या वाढदिवसाची तारीख ज्याला आठवत नाही तो विसराळू पती ठरेल. ठोकून दिलेल्या उत्तराने मात्र तो लबाड ठरतो.

आमच्या नगरपालिका आणि महापालिका यांनाही या कामी काही करता येण्याजोगे आहे. लग्नसराईच्या महिन्यांत विवाहनोंदणीच्या खिडक्या वाढवाव्यात. प्रमाणपत्रावरील नावे पासपोर्टशी अक्षरशः ताडून पाहावीत. आणि एखादे अक्षर चुकल्यास ती दुरुस्ती नागरिकास दहा खेपा घालावयास न लावता व्हावी. यास मोठा पैसा लागत नाही. समोरच्या कागदावर एका माणसाचा संसार अवलंबून आहे, एवढी जाणीव मात्र लागते. शाळांचे दप्तर सांभाळणाऱ्यांसही आमचे हेच सांगणे आहे, आणि ते आम्ही आमच्या स्वतःच्या चुकीच्या अनुभवाने सांगत आहोत.

‘कर नाही त्याला डर कशाला’ असे म्हणून कागदांकडे पाठ फिरविणारे वडीलधारे अजून घरोघर आहेत. त्यांच्या निष्पापपणाविषयी शंका नाही. पण ज्याने पाप केलेले नाही त्यानेही हिशेब ठेवावयाचा असतो, आणि सचोटीच्या माणसाला तर हिशेब दाखविण्यात संकोच नसावा. या लग्नसराईत बोहल्यावर चढणाऱ्या जोडप्यांस आमच्या शुभेच्छा आहेतच. त्यांबरोबर एवढेच सांगावेसे वाटते, की मुलाखतीचे पत्र येण्याची वाट पाहू नका. पहिल्याच महिन्यात लग्नाची नोंद करा, पहिल्याच बिऱ्हाडाच्या करारावर दोघांची नावे घाला, पहिल्याच खात्यावर दोघांच्या सह्या असू द्या. अमेरिकेस जावयाचे नसले तरीही!